पांढरी चादर आणि रोझाचं लाँड्रोमॅट

'हसू नका' या दोन शब्दांवर मी व्हँकुव्हरमध्ये संसार केला. कॅनडाच्या पासपोर्टच्या फोटोत माणसाने हसायचं नसतं. तोंड मिटलेलं, डोळे उघडे, चेहरा कोरा आणि मागे स्वच्छ पांढरं. मिरजेला वडिलांच्या स्टुडिओत मी धंदा शिकले, तेव्हा नवऱ्या मुलींना हसवता हसवता वडिलांची दमछाक व्हायची. इथे येऊन मी तोच धंदा उलटा केला. लोक आपणहून हसत यायचे आणि मी त्यांचं हसू काढून घ्यायची.

आमच्या मराठी मंडळात डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक यांची दाटी. माझे यजमानही पुलांचे इंजिनिअर, त्यामुळे मला मानाने बोलवायचे. पहिल्याच संक्रांतीला एका वहिनींनी विचारलं, "फोटो काढता ते छानच आहे हो, पण फुल-टाइम काय करता?" मी म्हटलं, "फुल-टाइम फोटोच काढते. वेळ उरला तर झेरॉक्स." पुढे त्याच वहिनी पासपोर्ट संपत आला की माझ्या दारात उभ्या, आणि वर "जरा उजळ काढा हं" अशी कुजबुज. उजळ काढायला इथे बंदी आहे. फोटोत काहीही खाडाखोड केली की अर्ज परत येतो. एक नामांकित सर्जन आले होते. त्यांना हनुवटीखालची दुसरी हनुवटी नको होती. "शोभाताई, थोडं फोटोशॉप करून टाका ना, हू इज गोइंग टु नो?" मी म्हटलं, "डॉक्टर, ती तुम्हीच कापा. तुमच्याकडे लायसन्स आहे, माझ्याकडे नाही." ते हसले आणि मला पुन्हा सांगावं लागलं, हसू नका.

सगळ्यात कठीण गिऱ्हाईक म्हणजे तान्हं बाळ. त्याचाही पासपोर्ट लागतो, त्यालाही नियम तेच. बाळाला बसता येत नाही, धरणारीचे हात दिसता कामा नयेत, आणि मागे पांढरं तर हवंच. मग आम्ही काय करायचो, आईला खुर्चीत बसवून तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर टाकायची आणि तिने चादरीच्या आतून बाळाला धरायचं. बाहेरून दिसायचं ते असं, की एक भूत मांडीवर बाळ घेऊन बसलंय. त्यासाठी माझ्याकडे सोलापूरहून आईने पाठवलेली जाड सुती चादर होती. एकदा नागपूरच्या एक आजी सुनेचं बाळंतपण करायला आल्या होत्या. सुनेवर मी चादर टाकली आणि आजी ताडकन उठल्या. "अहो बाई, जित्या लेकुरवाळीवर पांढरं पांघरूण घालता? काढा आधी ते!" किती समजावलं, ऐकेनात. शेवटी त्यांनी पर्समधून करंडा काढला, चादरीच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "आता काढा." फोटो पास झाला. डाग मात्र कायमचा बसला. तो कोपरा मी जन्मभर फ्रेमच्या खाली ठेवत आले.

धंद्याचं सार सांगायचं तर एवढंच, की माणूस ठेवायचा आणि त्याच्या मागचं सगळं घालवायचं. घर, गल्ली, हवा, काही दिसता कामा नये. हे काम मी इतकं मन लावून केलं की माझ्या हाताला दुसरं काही सुचेनासं झालं. ते कळलं आमचा प्लाझा पडायची वेळ आली तेव्हा.

इथे प्लाझा म्हणजे दुकानांची एकमजली रांग आणि पुढ्यात गाड्या लावायला जागा. आमचा शहराच्या पूर्वेकडचा होता. माझा स्टुडिओ, शेजारी रोझाचं लाँड्रोमॅट, पलीकडे न्हावी, मग व्हिएतनामी नूडल्सवाला. मागच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये आणि आसपासच्या बेसमेंटमध्ये राहणाऱ्या कोणाकडे धुण्याचं मशीन नव्हतं. ते सगळे रोझाकडे नाणी टाकून कपडे धुवायचे. रोझा फिलिपिन्सची, माझ्याच वयाची, विधवा. ती नुसती मशीनं सांभाळत नव्हती. लोक तिच्याकडे घराच्या किल्ल्या ठेवायचे, पार्सलं ठेवायचे, शाळेतून आलेली पोरं ठेवायचे. कोणी दोन आठवडे धुणं घेऊन आलं नाही तर ती त्याच्या दारावर जाऊन थाप मारायची. माझ्या चादरीची इस्त्रीही तिच्याच टेबलावर व्हायची, कारण चादरीला एक सुरकुती पडली तरी फोटोत सावली येते.

आणि डंकन. ग्लासगोचा म्हातारा, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, निवृत्त झाल्यावर रोझाच्या बाकावर बसून पेन्सिलने चित्रं काढायचा. धुणं नसलं तरी यायचा. रोझा म्हणायची, "डंकन, तुझे कपडे कमी आणि गप्पा जास्त." तो म्हणायचा, "कपडे घरी वाळतात. मी वाळत नाही." व्हँकुव्हरचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे पटेल.

एक दिवस प्लाझासमोर मोठा फलक लागला. इथे उंच टॉवर होणार, खाली कॅफे आणि बँक. लोकांचं म्हणणं ऐकायला शहराचं कौन्सिल पब्लिक हिअरिंग घेणार. जवळ ट्रेनचं नवं स्टेशन झालं की टॉवर येतोच, त्याबद्दल आमचं भांडण नव्हतं. प्रश्न होता रोझाचा. लाँड्रोमॅट गेलं की तिला मुलीच्या गावी, तिच्या बेसमेंटमध्ये जाऊन राहावं लागणार होतं. "मी कुणाच्या बेसमेंटमध्ये म्हातारी होणार नाही," ती म्हणाली आणि ड्रायरमधल्या गरम चादरींच्या नको इतक्या जोरात घड्या घालायला लागली. चौकशी केल्यावर कळलं, की वस्तीला याची खरंच गरज आहे असं दिसलं तर कौन्सिल बिल्डरला अट घालू शकतं, नव्या इमारतीत लाँड्रोमॅटला परवडेल अशी जागा द्या म्हणून. पण बिल्डरने आपल्या अहवालात आमच्या प्लाझाचे फोटो जोडले होते. ते मी पाहिले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रिकामा फुटपाथ, बंद दारं, चिटपाखरू नाही. खाली लिहिलेलं, ही जागा फारशी वापरात नाही.

मी म्हटलं, फोटोला फोटोनेच उत्तर. माझ्याइतका या वस्तीचा फोटोग्राफर कोण?

झालं, मी कामाला लागले. लाँड्रोमॅटच्या दारातच चादर ताणून बांधली, दोन दिवे लावले आणि येईल त्याचा फोटो काढला. न्हावी, नूडल्सवाला, अपार्टमेंटमधल्या सगळ्या आज्या, नर्सेस, टॅक्सीवाले, कॉलेजची मुलं. यावेळी मी 'हसा' म्हणाले आणि लोक मोकळे हसले. रोझा प्रत्येकाचे केस नीट करत होती. फोटो असे उतरले होते, की मिरजेला वडिलांनी दुकानाच्या काचेत लावले असते. मी स्वतःची पाठ इतकी थोपटली की हात दुखला.

प्रिंट काढून रोझाच्या टेबलावर मांडले. पहिली आली ऋतुजा. ही नाशिकची मुलगी, कॉलेज संपवून इथे नोकरी करत होती, पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यासाठी, अप्लाय केलेलं. स्वतःचा फोटो उचलून म्हणाली, "काकू, काय भारी आलाय! अजून एक काढा ना असाच, फक्त न हसता. पीआर कार्डला चालेल, मला परत यायला नको."

मी टेबलाकडे पाहिलं. एवढी माणसं, एवढे छान चेहरे, आणि प्रत्येकाच्या मागे पांढरं. ही माणसं मिरजेत उभी आहेत की मनिलात, काही कळत नव्हतं. जी जागा वाचवायची होती, नेमकी तीच मी झाकून टाकली होती. जित्याची खोड म्हणतात ती ही.

दुसऱ्या दिवशी डंकनने कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटा फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. काळापांढरा, कडा झिजलेल्या. चाळींसारख्या दगडी इमारतींच्या मागचं अंगण, दोऱ्यांवर धुणं, आणि एक बाई पाठमोरी, हात वर करून चादर वाळत घालणारी.

"ही माझी मॉम," तो म्हणाला. "आमची ती सगळी गल्ली पाडली. पाडायच्या आधी काही फोटोग्राफर आणि पेंटर यायचे. दिवसभर फिरायचे, पोरांची, बायकांची, जिन्यांची चित्रं काढायचे. आम्हाला वाटायचं, वेडे आहेत हे लोक. त्यातल्या एकाने हा काढला."

"पण चेहरा नाही दिसत," मी म्हटलं.

"नाही ना. तिच्या चेहऱ्याचे फोटो माझ्याकडे आहेत, लग्नातले वगैरे. पण ही बघ." त्याने बोट ठेवलं. दोरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी होती. "ती आमची किचन विंडो. मी तिथून ओरडायचो आणि ती खालून ओरडायची. शोभा, ती खिडकी जगात आता फक्त इथे आहे."

तो फोटो त्याने पुन्हा खिशात ठेवला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

हिअरिंगला थोडे दिवस उरले होते. मी चादर गुंडाळली, दिवे बंद केले आणि कॅमेरा घेऊन रोझाच्या बाकावर नुसती बसले. बाहेरच्यांना वाटतं फोटो काढणं म्हणजे बटण दाबणं. या कामात बटण दाबणं शेवटी येतं. आधी बसायचं. लोकांना तुमचा कंटाळा यावा लागतो. पहिल्या दिवशी सगळे पोझ देतात, दुसऱ्या दिवशी विचारतात अजून किती वेळ, आणि मग कधीतरी तुम्ही त्या खोलीतलं एक मशीन होऊन जाता. माझ्या शेजारी डंकन चित्र काढत होता. तो मला म्हणायचा, "आत्ता नको. ती पायमोजे जुळवायला लागली की घे." आणि खरंच, पायमोज्याची जोडी शोधताना माणूस जसा दिसतो तसा तो कुठेच दिसत नाही. काचांवर वाफ धरलेली, तिच्यावर पोरांनी बोटांनी काढलेली घरं, रोझा एका आजीच्या चष्म्याची काडी बसवतेय, नर्स उभ्या उभ्या झोपलीय, ऋतुजा ड्रायरला टेकून नाशिकला आईशी बोलतेय. मागे मशीनांची रांग, भिंतीवरचे कागद, दारातून दिसणारा न्हाव्याच्या दुकानाचा लाल-पांढरा फिरता खांब. मी ते सगळं येऊ दिलं. जन्मात पहिल्यांदा मी मागचं काही पुसलं नाही.

मग राहिला बिल्डरचा रिकामा फुटपाथ. तो फोटो हातात घेऊन मी रस्त्यापलीकडे उभी राहिले. एखादा फोटो नेमका कुठून काढलाय हे शोधायची एक रीत आहे. जवळची एक वस्तू घ्यायची आणि लांबची एक. दिव्याचा खांब लाँड्रोमॅटच्या पाटीच्या शेवटच्या अक्षराला कुठे कापतो आणि पाटीच्या वर मागच्या अपार्टमेंटचा जिना किती दिसतो, हे दोन्ही एकदम जुळेल अशी जागा जगात एकच असते. डावीकडे एक पाऊल, थोडं मागे, अजून थोडं. जुळलं. तेवढ्यात रोझा बाजूला येऊन फोटोत डोकावली आणि म्हणाली, "हा रविवार आहे."

"कशावरून?"

"माझं दार बंद आहे आणि दारावर माझी रविवारची पाटी आहे. सकाळी मी चर्चमध्ये मासला असते ना!"

सगळ्या वस्तीला ते ठाऊक होतं. रविवारी सकाळी रोझा चर्चमध्ये, टॅक्सीवाले गुरुद्वारात, उरलेले अंथरुणात. रोझा परतली की दुपारपर्यंत पाय ठेवायला जागा नसायची. पुढच्या रविवारी मी त्याच जागेवर, त्याच खांबाला डोळा लावून उभी राहिले. चर्च सुटलं. धुण्याच्या पिशव्या, टोपल्या, बाबागाड्या, एकाने तर सुटकेस ओढत आणली. दारासमोर रांग लागली आणि रोझा चर्चच्या चांगल्या ड्रेसमध्ये किल्ली हलवत आली. मी बटण दाबलं.

हिअरिंगच्या दुपारी कौन्सिलच्या हॉलमध्ये आमची अख्खी वस्ती लोटली होती. बिल्डरच्या माणसाने त्याचा रिकामा फोटो पडद्यावर दाखवला आणि ही जागा कशी मरगळलेली आहे ते गोड आवाजात सांगितलं. मग माझा नंबर. माझं इंग्रजी अजूनही मिरजेच्या वळणाचं. मी फार बोललेच नाही. त्याच्या फोटोशेजारी माझा फोटो लावायला सांगितला. तोच खांब, तेच अक्षर, तोच जिना, आणि फुटपाथवर माणसांची जत्रा.

एका कौन्सिलर बाईंनी विचारलं, "हे दोन्ही एकाच जागेवरून?"

मी खांब दाखवला, जिना दाखवला. त्या वळून बिल्डरच्या माणसाला म्हणाल्या, "तुमचा फोटो कधीचा?"

"रविवारचा."

"किती वाजताचा?"

तो कागद चाळायला लागला. मागून रोझाचा आवाज आला, "मी चर्चमध्ये होते तेव्हाचा!"

सगळा हॉल हसला. मेयरनी शांत राहायला सांगितलं खरं, पण तेही हसत होते. मग आमचे लोक एकेक करून माईकपाशी गेले आणि आपापला फोटो छातीशी धरून बोलले. ऋतुजा म्हणाली, "आम्ही पाचजणी एका बेसमेंटमध्ये राहतो. मशीन नाही. मला एकदा ताप आला होता, तर माझ्या रूममेट्सच्या आधी रोझाला कळलं." डंकनने आपलं चित्र उलगडलं, अख्ख्या प्लाझाचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खिशातला तो छोटा फोटोही दाखवला आणि एवढंच म्हणाला, "माझ्या गल्लीचं फक्त चित्र उरलं. या वस्तीचं चित्रही उरू दे आणि वस्तीसुद्धा."

मतदान झालं. त्यांची भाषा इतकी सरकारी, की रोझा माझा हात दाबून विचारत होती, "काय म्हणाले? शोभा, येस ऑर नो?" मलाही कळलं नव्हतं. ऋतुजाने मागून आम्हा दोघींच्या गळ्यात हात टाकले आणि ओरडली, "येस! काकू, येस! अट घातली!" रोझा खुर्चीत बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. डंकनने टोपीत तोंड खुपसलं. मी खोटं कशाला बोलू, मला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्या संध्याकाळी नूडल्सवाल्याने सगळ्यांना जेवू घातलं आणि आमच्या यजमानांनी, ज्यांनी आयुष्यात पूल सोडून कशाची तारीफ केली नव्हती, सगळ्यांसमोर सांगितलं, "हिने आज माझ्यापेक्षा मोठं काम केलं."

प्लाझा पडला तो दिवस वाईट होता. न्हावी मुलाकडे सस्काटूनला गेला. माझ्या स्टुडिओला नव्या इमारतीत जागा नव्हती आणि मीही मागितली नाही. आता औषधांच्या दुकानातही पासपोर्टचा फोटो निघतो. तरी माझ्या दाराची चौकट यंत्राच्या दातात गेली तेव्हा मला बघवलं नाही. रोझाने मधला काळ मुलीच्या बेसमेंटमध्ये काढला. मला फोन करून म्हणायची, "म्हातारी होत नाहीये. वाट बघतेय."

यंदा वसंतात नवं लाँड्रोमॅट उघडलं. मशीनं नवी, बाक मात्र जुनाच, रोझाने जपून ठेवलेला. भिंतीवर एका बाजूला डंकनचं लांबलचक चित्र, दुसऱ्या बाजूला माझे फोटो. लोक आत आले की आधी मशीनकडे जात नाहीत, भिंतीकडे जातात, आणि स्वतःला सोडून मागचंच दाखवतात. "हे बघ, आपलं ते तुटकं मशीन." "अरे, न्हाव्याचा खांब!"

पहिलं धुणं कोणाचं यावर वाद चालला होता. बिल्डरच्या ऑफिसातल्या एका बाई फीत कापायला आल्या होत्या, त्यांना वाटलं मान आपला. रोझाने सरळ माझ्यापुढे हात केला. मी पिशवीतून चादर काढली. दारात ताणली होती तेव्हाचा फुटपाथचा चिखल अजून तिला तसाच होता. रोझाने उलटीपालटी करून पाहिली आणि कोपऱ्यावर थबकली. "हा लाल डाग निघणार नाही हं."

"राहू दे," मी म्हटलं. "तो नागपूरच्या आजींचा आहे."

चादर आत गेली, पाणी भरलं, पहिलं मशीन फिरायला लागलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग रोझाने मला मशीनपुढे उभं केलं, स्वतःचा फोन काढला आणि म्हणाली, "एवढी वर्षं तू आमचे काढलेस. आता गप उभी राहा." माझा चेहरा आपोआप कोरा झाला. "स्माइल, शोभा, स्माइल! पासपोर्ट नाहीये हा!" डंकन बाकावरून ओरडला. मी हसले, मान वळवली, आणि नेमकं तेव्हाच तिने बटण दाबलं.

तो फोटो आता माझ्या फ्रिजवर आहे. रोझाचा हात हलल्यामुळे माझा चेहरा पुसट आलाय. पण मागे काचेच्या गोल दारात चादर फिरतेय, कोपऱ्यावरचं कुंकू दिसतंय, बाकावर डंकन आहे, भिंतीवर सगळी वस्ती आहे, आणि खिडकीतून तो दिव्याचा खांबही आलाय.